सुंदराकाकीचं दूध

समिधा आठ महिन्यांची होती तेव्हा तिच्या आईला, सोनाबाईला, टायफॉइड झाला आणि ती दीड महिना कर्जतच्या दवाखान्यात पडून राहिली. बापाची कारखान्यात पाळी, घरात दुसरं बाईमाणूस नाही. तेव्हा शेजारच्या सुंदराकाकीनं पोर उचलली आणि आपल्या पडवीत झोळी बांधली. काकीला मूलबाळ नव्हतं. गोठ्यात एक म्हैस होती. त्या म्हशीच्या दुधावर, बोंडल्यानं घोट घोट पाजून तिनं समिधाला जगवलं. सोनाबाई घरी आली तेव्हा पोर तिच्याकडे जाईना, काकीच्या खांद्याला चिकटून ओरडायला लागली. सोनाबाई ते आठवून आजही हसते आणि हसता हसता डोळे पुसते.

पळसदरीच्या त्या आळीत ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. समिधा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, पनवेलच्या एका कॉलेजात शिकवू लागली, मग पीएच.डी.लाही बसली. काकी आल्यागेल्याला सांगायची, "माज्या म्हशीच्या दुधावर शिकलीय ती."

काकीचा नवरा वारून दहा वर्षं झाली होती. जुन्या म्हशीची नात आता तिच्या गोठ्यात होती, तिचं नाव मोगरी. मोगरीच्या दुधाचा कर्जतला नऊ घरी रतीब होता. पहाटे धार काढायची, स्टीलच्या कॅनमध्ये दूध भरायचं आणि सहाच्या आत बाहेर पडायचं, हा काकीचा नेम. नऊपैकी तीन घरांत तिनं दोन पिढ्यांना दूध घातलं होतं. संध्याकाळचं दूध कमी असायचं, ते घरी.

पीएच.डी.साठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा समिधानं दूध निवडलं. गावच्या गिरणीतून भाताचं तूस आणायचं, ते भाजून, बंद भांड्यात पाण्याबरोबर तापवून, गाळून घ्यायचं. हाती यायचं ते कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी. त्यात कार्बनचे कण असत, इतके बारीक की केसाच्या रुंदीत दहा हजार सहज मावावेत. साध्या उजेडात त्यांचं काही दिसत नसे. पण दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसला जांभळा टॉर्च त्यावर धरला की ते पाणी निळं लखलखायचं. समिधानं ते गाळणीच्या कागदावर सुकवून बोटभर पट्ट्या केल्या. म्हशीची कास सुजून तिला दगडी झाली की डॉक्टर जे औषध टोचतात, त्याचा अंश काही दिवस दुधात उतरतो. असलं दूध व्हिनेगरच्या दोन थेंबांनी नासवून त्याची निवळ पट्टीवर सोडली की निळा उजेड विझायचा. चांगलं दूध असेल तर पट्टी तशीच चमकत राहायची. प्रयोगशाळेत तिनं शेकडो वेळा हे करून पाहिलं होतं आणि दर वेळी पट्टी बरोबर निघाली होती.

गावात दूध घालणाऱ्यांचा एक गट होता, त्याचा सचिव जितेश. धरणाच्या आसपास बंगले आणि फार्महाऊस वाढले होते, शनिवार-रविवारी मुंबईची माणसं यायची. त्यांना तपासलेलं दूध विकायचं जितेशच्या डोक्यात होतं. जानेवारीत तो समिधाच्या घरी आला.

"ताई, एक दिवस शाळेत शिबिर घेऊ. तुमी सगळ्यांसमोर दूध तपासून दाखवा. लोकांना कळू दे आपल्या गावाचं दूध कसं हाय ते."

समिधाला हेच हवं होतं. प्रयोगशाळेबाहेर पट्टी चालते का, हे पाहायचंच होतं.

रविवारी दहा वाजता शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. वीस जण दूध घेऊन आले. कुणी पाण्याच्या बाटलीत, कुणी स्टीलच्या डब्यात. सुंदराकाकी सगळ्यांत शेवटी आली, धुवट लुगडं नेसून, हातात पितळेची चरवी. लग्नात आईनं दिलेली ती चरवी तिनं चिंचेनं घासून सोन्यासारखी केली होती. सकाळचं दूध रतिबाला गेलेलं, म्हणून रात्री चरवीत राखून ठेवलेलं घरचं दूध तिनं आणलं होतं.

"पोरीच्या परीक्षेला चांगल्या भांड्यातून न्यावं म्हटलं," ती बायकांना म्हणाली.

समिधा एकेक दूध घेत गेली. पट्टी, निवळ, टॉर्च. निळी. पुढची निळी. त्याच्या पुढचीही निळी. लोक सुरुवातीला आ करून बघत होते, मग कंटाळले. मागे पोरं खुसखुसू लागली. बारा, पंधरा, एकोणीस, सगळ्या निळ्या. समिधाच्या कपाळावर घाम आला. सगळ्याच पट्ट्या चमकल्या तर पट्टीनं दाखवलं काय? उद्या मार्गदर्शक सर विचारतील, कुठे विझली का एक तरी?

विसावं दूध काकीचं होतं. टॉर्च धरला आणि पट्टी काळी दिसली.

समिधानं दुसरी पट्टी घेतली. तीही विझली. तिसरी विझली. हॉलमध्ये एकदम गलका उठला.

पहिली पट्टी काळी दिसली त्या क्षणी समिधाला आनंद झाला होता. हे तिनं पुढे कुणालाच सांगितलं नाही, पण स्वतःपासून तिला ते लपवता आलं नाही. दूध कुणाचं हे ध्यानात येण्याच्या आधी, निमिषभर का होईना, पट्टी विझली म्हणून तिला आनंद झाला होता.

"ताई, म्हंजे काय समजायचं?" जितेशनं माईक पुढे केला. समोर दोघातिघांचे मोबाईल वर होते.

समिधाला आठवलं, दिवाळीत काकीच्या अंगणात गुरांच्या डॉक्टरची मोटारसायकल उभी होती. तिच्या मनात सगळं जुळलं.

"या दुधात औषधाचा अंश आहे," ती म्हणाली. "असं दूध लहान मुलांना देऊ नये."

काकी पुढच्या बाकावर होती. तिनं आजूबाजूला पाहिलं, कुणाबद्दल बोलणं चाललंय ते शोधत असल्यासारखं. मग तिला कळलं. ती उठली, टेबलावरची चरवी उचलली, पदराखाली झाकली आणि बाहेर गेली.

दुपारी समिधा घरी जेवायला बसली होती तेव्हा काकी मागच्या दारानं आली. उंबऱ्यावरच बसली.

"समे, काय घातलं गं मी दुधात?"

"तू घातलंस असं कुठे म्हणाले मी, काकी? म्हशीला इंजेक्शन दिलं असेल, ते उतरतं दुधात."

"सुई टोचली ती दिवाळीत. ती बी लाळ्याखुरकुताची लस. गावातल्या समद्या जनावरांना टोचली. मग त्येंच्या दुधात नाय उतरलं?"

"मधे कधी दगडी झाली असेल, तू कुणाकडून काही आणून दिलं असशील. आठव जरा."

"मोगरीला दगडी नाय झाली कधी." काकीचा आवाज बारीक झाला. "आख्ख्या जन्मात एकदाच दुधात पाणी घातलं मी. तू आठ महिन्यांची व्हतीस. म्हशीचं दूध तुला पचंना, जुलाब व्हायचे. तवा निम्मं पाणी घालून पाजलं. त्येच्या आदी नाय, मागनं नाय."

सोनाबाई चुलीपाशी उभी होती. ती म्हणाली, "समिधा, परत एकदा बघ की. उद्याची धार आणील ती."

समिधा दमली होती. शिबिर, गलका, वरून हा उंबऱ्यावरचा सवाल. आणि खरं सांगायचं तर तिला राग आला होता, काकीनं चूक कबूल करून विषय संपवावा असं वाटत होतं.

"आई, तीन वेळा बघितलं सगळ्यांसमोर. पट्टीला नाती कळत नाहीत."

काकी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"बरं मॅडम," ती म्हणाली आणि गेली.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत कर्जतला पोचला. कुणी पाठवला, कोणत्या ग्रुपवर टाकला, हे शोधण्यात अर्थ नव्हता. पन्नास सेकंदांचा होता. काळी पट्टी, समिधाचा चेहरा, आणि "लहान मुलांना देऊ नये." खाली कुणीतरी 'भेसळ' असा शब्द घातला होता. तो समिधा बोलली नव्हती, पण तिनं तो खोडलाही नाही. ग्रुपवर कुठे वाद घालत बसायचं, असं तिला वाटलं.

सोमवारी काकी रतिबाला गेली तेव्हा पहिल्याच घरी, तीस वर्षं ज्या दारात तिनं दूध घातलं त्या दारात, सूनबाई पातेलं न घेताच आली. "मावशी, आजपासून नको. पोरगं लहान आहे ना." पुढच्या घरी दार उघडलं नाही. तिसऱ्या घरी दूध घेतलं, पण काकी जिना उतरताना तिला मोरीत दूध ओतल्याचा आवाज आला. आठवडाभरात नऊच्या नऊ घरं तुटली.

जितेशच्या गटानं तिचं दूध घेतलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. "काकी, सगळ्या गटाचं नाव जाईल," एवढंच तो म्हणाला, आणि म्हणताना जमिनीकडे बघत होता. काकीनं काही दिवस दूध रेडकाला पाजलं, दही लावलं, तूप कढवलं. आळीतल्या बायका तूप न्यायला आल्या नाहीत. होळीच्या आधी लोधिवलीच्या एका तबेल्याची गाडी आली आणि मोगरीला रेडकासकट घेऊन गेली. मोगरी गाडीत चढेना. शेवटी काकीच पुढे चढली, तिच्या कपाळावर हात ठेवला, तेव्हा ती मागोमाग चढली. मग काकी दुसऱ्या बाजूनं उतरली.

समिधा त्या दिवशी पनवेलला होती. रात्री जेवताना सोनाबाईनं सांगितलं. समिधा म्हणाली, "वाईट झालं." तिला खरंच वाईट वाटलं. पण आपण काही चुकीचं केलं असं तिला तेव्हा वाटलं नाही.

काकी मग धरणाजवळच्या एका फार्महाऊसवर भांडी घासायला आणि भाकऱ्या थापायला जाऊ लागली. वाटेत समिधा भेटली तर म्हणायची, "चाललात मॅडम कॉलेजला?" त्यात टोमणा नव्हता. ते समिधाला जास्त लागायचं.

एप्रिलमध्ये समिधाचे मार्गदर्शक योगेंद्र सर तिचा शोधनिबंध वाचत होते. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला.

"औषधानं उजेड विझतो हे दाखवलंस. दुसऱ्या कशानं विझत नाही, हे कुठे दाखवलंयस? दुधात कायकाय येऊ शकतं, लोखंड, जस्त, तांबं, साबण, ते एकेक घालून बघ. त्याशिवाय हा निबंध पुढे पाठवता येणार नाही."

समिधानं एका सोमवारी ते करायला घेतलं. वीस छोट्या बाटल्या, प्रत्येकीत चांगलं दूध आणि एकेका क्षाराचा कणभर अंश. जस्तानं काही झालं नाही. साबणानं नाही. लोखंडानं उजेड थोडा मंदावला. तांब्याचा क्षार घातलेल्या बाटलीतली निवळ पट्टीवर टाकून तिनं टॉर्च धरला आणि पट्टी काळी झाली.

पुस्तकात हे लिहिलेलं होतं. तांब्याचे अंश या कणांना जाऊन चिकटतात आणि त्यांचा उजेड मारतात, हे तिनं दोन वर्षांपूर्वी वाचलं होतं, वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण हल्ली दूध तांब्यापितळेत ठेवतं कोण, असं म्हणून ती पुढे गेली होती.

चिंचेनं घासलेली चरवी तिच्या डोळ्यांपुढे आली. आतली कल्हई, कथलाचा तो थर, कधीच गेलेली असणार. कल्हईवाला गावात येऊन किती वर्षं झाली! पितळेत निम्म्याहून जास्त तांबंच असतं आणि रात्रभर दूध त्या उघड्या पितळेत राहिलं होतं. आणि रतिबाचं दूध तर कधी त्या चरवीत पडलंच नव्हतं, ते जायचं स्टीलच्या कॅनमधून. नऊ घरांनी जे दूध मोरीत ओतलं त्यात काही म्हणता काही नव्हतं.

तिला तेव्हाच उठून पळसदरीला धावावंसं वाटलं. पण एकदा घाईनं बोलून काय झालं ते तिनं पाहिलं होतं. आता पुरती खात्री केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं. जुन्या बाजारातून कल्हई गेलेली पितळेची भांडी आणली. त्यांत रात्रभर दूध ठेवलं, सकाळी तपासलं. परत ठेवलं, परत तपासलं. कल्हई करून घेतली आणि पुन्हा तपासलं. कल्हई केलेल्या भांड्यातल्या दुधानं पट्टी निळी राहिली. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. या सगळ्यात दोन आठवडे गेले.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी ती काकीच्या दारात गेली. काकी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. गोठा झाडून स्वच्छ केलेला, रिकामा. समिधा समोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. चरवी, तांबं, कल्हई.

"काकी, तुझ्या दुधात काही नव्हतं."

काकीनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मला ठावं हाय ते. मला कशाला सांगताय?"

काकी तांदूळ निवडत राहिली. मग ती म्हणाली, "लोकान्ला सांगा."

समिधानं लोकांना सांगितलं. जितेशला सांगून गटाची बैठक बोलावली, त्याच हॉलमध्ये उभी राहिली, माईकवर म्हणाली की चूक माझी होती, सुंदराकाकीची नव्हती. जितेशनं त्याचाही व्हिडिओ काढला आणि मनापासून सगळीकडे पाठवला. तो फारसा कुणी पुढे पाठवला नाही. मग समिधा कर्जतला नऊ घरी जाऊन आली. माणसं चांगली वागली. कुणी चहा दिला. एका बाईनं "अरेरे" म्हणून गालाला हात लावला. एका घरी म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आम्हाला तेव्हाच वाटलं होतं, सुंदरा असं करणार नाही." समिधानं विचारलं, "मग तुम्ही रतीब का बंद केलात?" आता सगळे पिशवीचं दूध घेत होते आणि त्यांना ते सोयीचं पडत होतं.

परत येऊन ती काकीला म्हणाली, "आपण मोगरीला परत आणू. मी बोलते तबेलेवाल्याशी. मग बघू रतिबाचं. नऊ नाही तर चार घरं तरी होतील."

काकी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहत म्हणाली, "आणशील?"

मॅडम नाही, आणाल नाही. समिधानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी काकीनं फार्महाऊसला सुट्टी सांगितली. समिधाच्या स्कूटीवर मागे बसली, मांडीवर पिशवी. पिशवीत गुळाचा खडा आणि मूठभर भिजवलेली सरकी होती. वाटेत चौक गावापाशी हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. एरवी गाड्यांना घाबरणारी काकी मागून बोलत होती.

"रेडी मोठी झाली असंल गं. तिचं नाव ठेवलंच नव्हतं मी. मोगरी मला बघून रागवंल आदी. दोन दिवस धार द्यायची नाय. तशीच हाय ती. तिची आई बी तशीच व्हती."

लोधिवलीचा तबेला रस्त्यापासून आत होता, पत्र्याच्या दोन लांब शेड. मालक वाल्मिक पन्नाशीचा, गळ्यात उपरणं. त्यानं दोघींना खाट दिली, पाणी दिलं. समिधानं येण्याचं कारण सांगितलं.

"मोगरी म्हणजे ती पळसदरीची? कपाळावर पांढरा ठिपका?"

"हां, तीच," काकी म्हणाली आणि उठून उभी राहिली. तिची नजर शेडमध्ये रांगेवर फिरायला लागली होती.

वाल्मिक उपरण्याचं टोक हातात घेऊन पीळ देत राहिला.

"बस, बाय. ती पान्हवलीच नाय आमच्याकडं. माणसं बदलून पाहिली. रेडी सोडून पाहिली. रेडी तर आठच दिवसांत गेली, जुलाब लागले व्हते तिला. त्येच्यानंतर मोगरीनं पान्हा सोडलाच नाय. आटली. दोन महिने उभी केली मी. तबेल्याला ते परवडत नाय."

"मग?" समिधानं विचारलं. काकीनं नाही विचारलं.

"पुढं पाठवली."

पुढं म्हणजे कुठे, ते गुरं सांभाळणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. काकी खाली बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"कधी?" समिधानं विचारलं.

"एक मे ला. सुट्टीचा दिवस व्हता, म्हणून ध्यानात हाय."

समिधाला तो दिवस पक्का आठवत होता. कॉलेजचं झेंडावंदन झाल्यावर सगळे घरी गेले होते आणि ती एकटीच प्रयोगशाळेत थांबली होती. तिसऱ्यांदा पितळेची भांडी धुऊन, मोजून दूध भरत होती, अगदी पक्की खात्री करायची म्हणून. तोवर तिला सत्य कळून दहा दिवस होऊन गेले होते.

"खात व्हती का शेवटाला?" काकीनं वाल्मिकला विचारलं.

"खात व्हती," तो म्हणाला. "चांगली खात व्हती."

तो खोटं बोलतोय हे तिघांनाही कळलं. काकीनं मान डोलावली. मग पिशवीतला गूळ आणि सरकी काढून ती जवळच्या एका म्हशीपाशी गेली आणि तिच्यापुढे ठेवली. ती म्हैस तिच्या ओळखीची नव्हती. काकी तिनं खाऊन संपवेपर्यंत उभी राहिली, आणि मग म्हणाली, "चल."

परतताना तिनं समिधाच्या खांद्यावर हात ठेवला नाही, स्कूटीचा मागचा दांडा धरून बसली. आरशात समिधाला तिच्या पदराचं टोक तेवढं उडताना दिसत होतं.

एक मेची गोष्ट समिधानं काकीला कधी सांगितली नाही. एकदा आईला सांगायला गेली, पण तोंड उघडलं आणि नुसतंच रडू आलं.

पुढे निबंध छापून आला. त्यात तांब्याबद्दल एक पूर्ण परिच्छेद होता आणि दूध काचेच्या बाटलीतच घ्यावं अशी सूचना होती. पट्ट्यांच्या डबीवर तीच सूचना मराठीत लिहिलेली असते. जितेशचा गट त्या वापरतो. पट्टी विझली तर आता समिधा आधी त्या गोठ्यावर जाते, भांडी बघते, दुसऱ्या धारेचं दूध घेते, मगच बोलते. लोक म्हणतात, मॅडम फार काळजीपूर्वक काम करतात.

दर रविवारी ती काकीकडे जाते. काकी तिला बसायला पाट देते. कधी समे म्हणते, कधी मॅडम म्हणते, जे तोंडात येईल ते. गोठ्यात आता सरपण रचलेलं आहे. समिधानं दोनदा दुसरी म्हैस घेऊ म्हणून पाहिलं. काकी म्हणाली, "आता हात दुखत्यात."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काकीनं अचानक विचारलं, "त्या तांब्यानं उजेड कसा गं मरतो?"

समिधानं सांगितलं. सोपं करून, हातवारे करून, जशी वर्गात सांगते तशी. कण कसे असतात, उजेड कसा घेतात आणि परत देतात, तांबं येऊन मधेच कसं चिकटतं. काकी हनुवटीला हात लावून नीट ऐकत होती. मधे एक-दोनदा तिनं "बरं" म्हटलं.

सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजे त्या दिशी तू येवढंच इचारायचं व्हतंस गं. काकी, दूध कशात ठेवलं व्हतंस? येवढंच."

"हो," समिधा म्हणाली.

काकी उठली, समिधाचा पाण्याचा रिकामा पेला उचलला आणि विसळायला मोरीकडे गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. पेला एकच होता.